जुनी गाडी ठेवावी की काढावी? : वाचकांचे प्रश्न

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्के आणि वर उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलला. पूर्वी ‘कोणती गाडी घ्यावी’ असे विचारणारे वाचक आता ‘आहे ती काढावी का’ असे विचारू लागले आहेत. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून इंदिरानगरला राहतो. माझ्याकडे २०१२ साली घेतलेली पेट्रोलवरची छोटी गाडी आहे. इंजिन बाराशे सीसीचे असून वरचे मॉडेल असल्यामुळे दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जागीच अडकू न देणारी यंत्रणा) आहे. आजवर ९४ हजार किलोमीटर चालली, पण रस्त्यात कधी बंद पडली नाही. महिन्याचे रनिंग सहाशे किलोमीटरच्या आसपास असते. त्यात शहरातली कामे, अधूनमधून त्र्यंबक किंवा वणी आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा मुलाकडे पुणे. आता गॅरेजवाल्यांनी चार टायर, क्लच आणि सस्पेन्शन मिळून ४१ हजारांचा अंदाज दिला आहे. मुलाचे म्हणणे असे की, दीड लाखाच्या गाडीत ४१ हजार घालण्यापेक्षा करकपातीचा फायदा घेऊन नवी घ्यावी. शोरूमने नव्या गाडीची ऑन-रोड किंमत साडेआठ लाख सांगितली असून जुनीचे १ लाख ४० हजार देऊ केले आहेत. सहा लाखांचे कर्ज काढावे लागेल. काय करावे?

उत्तर : आपण दिलेल्या तपशिलावरून ही गाडी काढण्याचे कारण दिसत नाही. दुरुस्ती करून घ्यावी. मात्र पैसे देण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी, तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

आपल्या चिरंजीवांचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्यात तुलना चुकीच्या दोन आकड्यांची झाली आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहण्याची पद्धत विमा कंपन्यांची आहे; दुरुस्ती विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेली की त्या गाडी पूर्ण नुकसानीत धरतात, कारण त्यांना पैसे देऊन मोकळे व्हायचे असते. आपल्याला मोकळे व्हायचे नाही, आपल्याला उद्याही पुण्याला जायचे आहे. बाजार आपल्या गाडीला १ लाख ४० हजारच देतो, कारण तिची काळजी कशी घेतली गेली हे बाजाराला ठाऊक नसते. आपल्याला ते पक्के ठाऊक आहे आणि ही माहिती विकता येत नाही. म्हणून ४१ हजारांची तुलना करायची ती नवी गाडी दर वर्षाला कितीला पडेल याच्याशी.

तो हिशेब असा बसतो. सहा लाखांचे कर्ज ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे १२,४५० रुपये येतो आणि पाच वर्षांत जवळजवळ १ लाख ४७ हजार रुपये केवळ व्याजाचे जातात. जुनी गाडी देऊनही वरचे १ लाख १० हजार खिशातून भरावे लागतील, ते वेगळे. गॅरेजवाल्यांनी सांगितलेले ४१ हजार म्हणजे यातले सव्वातीन हप्ते होत. शिवाय त्या ४१ हजारांतला मोठा वाटा टायरचा असणार, आणि टायर हा गाडीच्या वयाचा दोष नव्हे; नवी गाडी घेतली तरी काही वर्षांनी तो खर्च येणारच. पुष्कळ घरांत टायर, बॅटरी आणि ब्रेक पॅड यांची बिले ‘जुनी झाली, खर्च काढायला लागली’ या सदरात जमा होतात आणि गाडी विनाकारण बदनाम होते.

नव्या गाडीचे ॲव्हरेज चांगले, हा दुसरा मुद्दा हमखास पुढे येतो. आपली गाडी लिटरला १४ किलोमीटर देते आणि नवी १९ देईल असे धरू. वर्षाला ७,२०० किलोमीटरसाठी जुनीला सुमारे ५१४ लिटर आणि नवीला ३७९ लिटर पेट्रोल लागेल. फरक १३५ लिटरचा. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाची बचत १४ हजारांच्या थोडी वर जाते. म्हणजे वर्षभर वाचवलेले पेट्रोल एका हप्त्याला जेमतेम पुरते. ज्यांचे रनिंग महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर आहे त्यांचा हिशेब वेगळा निघेल, आणि अशांना आम्ही वेगळा सल्ला देऊ. आपले रनिंग तेवढे नाही.

या व्यवहारातला सर्वांत मोठा खर्च मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो, तो म्हणजे घसारा. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवण्याचे जे कोष्टक आहे त्यात एक वर्ष पुरे होण्याच्या आत १५ टक्के, पुढे दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घट धरली जाते. प्रत्यक्ष बाजारभाव मॉडेलनुसार थोडा वरखाली होतो, पण दिशा हीच असते. पाच वर्षांत नवी गाडी तीन-साडेतीन लाखांनी उतरेल. आपली गाडी फार तर सत्तर-ऐंशी हजारांनी उतरेल, कारण तिला उतरायला फारशी जागाच उरलेली नाही. करकपातीमुळे नवी गाडी स्वस्त झाली हे खरे आहे, परंतु त्याच कारणाने जुन्या गाड्यांचे भावही खाली येतात आणि शोरूमने देऊ केलेल्या रकमेत ते मुरलेले असते.

आता तपासणी. गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवून खालून पाहावी, आणि ती आपल्या नेहमीच्या गॅरेजखेरीज दुसऱ्या जाणकार मेकॅनिककडून पाहून घ्यावी. पाहायच्या गोष्टी तीन : इंजिन, गिअरबॉक्स आणि पत्रा. इंजिनाच्या चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकडे एकमेकांच्या जवळ असले तर चिंता नाही, एखादाच फार खाली असला तर कारण शोधावे लागेल. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसणे आणि त्याच वेळी कूलंट कमी होत जाणे हे हेड गॅस्केट गेल्याचे लक्षण असू शकते. पत्र्याच्या बाबतीत दारांवरचे डाग किंवा बंपरचे ओरखडे यांना महत्त्व नाही. दाराखालची उंबऱ्यासारखी पट्टी, पायांखालचा तळ आणि पुढचे शॉकअब्सॉर्बर वर जिथे बसतात ती जागा, या तीन ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हरने दाबून पाहावे. तिथे पत्रा आत गेला तर ४१ हजार घालू नयेत, हे स्पष्ट सांगतो. इंजिन उघडून नीट करता येते, क्लच बदलता येतो, पण सांगाड्याचा गंज एकदा आत शिरला की त्यावर पोटीन भरून रंग मारण्याला दुरुस्ती म्हणत नाहीत, आणि अपघातात तोच भाग आधी दुमडतो.

तपासणी समाधानकारक निघाली तर गॅरेजच्या यादीत दोन किरकोळ कामे आपणहून घालावीत. नाशिकहून मुंबईकडे उतरताना कसारा आणि पुण्याकडे जाताना चंदनापुरी. वणीचा गड चढायचा म्हटला तर तो घाट वेगळाच. इथल्या गाड्यांना चढताना रेडिएटरची आणि उतरताना ब्रेकची परीक्षा द्यावी लागते. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषते आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यावर ते उकळू लागले तर पॅडल थेट आत जाते. ते दर दोन वर्षांनी बदलावे. तेरा-चौदा वर्षांच्या गाडीचे रेडिएटर होज, थर्मोस्टॅट आणि कूलंट यांपैकी जे मूळचेच असेल ते बदलून टाकावे. हा खर्च काही हजारांत आटोपतो, आणि घाटात इंजिन तापून हेड वाकले तर त्याच्या कित्येक पट होतो.

याशिवाय महिन्याला अडीच हजार रुपये गाडीच्या नावाने वेगळे ठेवावेत. जुनी गाडी ठेवणाऱ्यांची अडचण खर्चाच्या आकारापेक्षा त्याच्या अवेळी येण्यात असते. वर्षाला तीस हजार बाजूला पडले की बहुतेक वर्षी त्यातले काही उरते आणि ज्या वर्षी एसीचा कॉम्प्रेसर जातो त्या वर्षी हात पसरावा लागत नाही.

आपल्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतील. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे, तेच आपल्यालाही लागू पडते.

प्रश्न : आमची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. घरची डिझेल गाडी जून २०११ मध्ये घेतलेली असून २ लाख १० हजार किलोमीटर चालली आहे. इंजिन अजून एका सेल्फमध्ये सुरू होते. पण दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या सरकार बंद करणार आणि पंधरा वर्षांनी भंगारात घालाव्याच लागणार, असे सगळे सांगतात. गाडी आताच विकून टाकावी का? पासिंग होईल का?

उत्तर : दहा वर्षांची मर्यादा ही दिल्लीची गोष्ट आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिझेलला दहा व पेट्रोलला पंधरा वर्षे ही मर्यादा तिथे कायम ठेवली. पुढे त्या आदेशांतही बदल होत गेले. महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी वयोमर्यादा नाही. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणानेही खासगी गाडी अमुक वर्षांनी भंगारात घालण्याची सक्ती केलेली नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी रद्द होते ती सरकारी मालकीच्या वाहनांची, १ एप्रिल २०२३ पासून. या दोन बातम्या एकत्र होऊन गावोगाव फिरत आहेत आणि चांगल्या गाड्या निम्म्या भावात दलालांच्या हाती जात आहेत.

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर गाडी सुस्थितीत असल्याचे तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्यासाठीचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत करायचा असतो. एप्रिल २०२२ पासून मोटारगाडीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे. वीस वर्षे उलटलेल्या गाडीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० करण्यात आले. उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये जास्त लागतात. पर्यावरण कर पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो आणि तो पेट्रोलपेक्षा डिझेलला थोडा अधिक आहे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणे बंधनकारक आहे. ती नसेल तर पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात जाण्यापूर्वीच बसवून घ्यावी.

गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. ब्रेक, दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, टायर आणि चॅसी क्रमांक पाहतात. आपल्याकडच्या गाड्या अडतात त्या बहुधा इंजिनामुळे नव्हे. पुढे बसवलेला लोखंडी गार्ड, जो डिसेंबर २०१७ पासून केंद्राने बेकायदा म्हणून काढायला लावला आहे, टपावरची जादा दिव्यांची पट्टी, काचांवरची काळी फिल्म, ही त्यांची नेहमीची कारणे आहेत. आणखी एक गोष्ट तपासावी : गाडी कर्जावर घेतली असेल आणि कर्ज केव्हाच फिटले असले तरी आरसीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तसाच राहिलेला असतो. ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन तो आधी उतरवून घ्यावा. ऐन वेळी जुनी शाखा शोधत फिरण्यात महिना जातो.

मुदत संपलेल्या नोंदणीवर ‘गावातल्या गावात’ म्हणून गाडी वापरू नये. दंड तर आहेच, पण खरा प्रश्न विम्याचा आहे. नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीच्या चोरीचा दावा विमा कंपनीने नाकारला तो योग्यच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेला आहे.

बागायतदारांसाठी एक वेगळी सूचना. छाटणीनंतर मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) पोती, खताच्या गोण्या आणि फवारणीचे डबे घरच्या गाडीतूनच येतात. मोरचूद ओला झाला की लोखंड खातो. सांडलेली पूड मॅटखाली जाते, दवाने किंवा पावसाच्या पाण्याने ओली होते आणि तळाचा पत्रा आतून सडत जातो, वरून मात्र काहीच दिसत नाही. रासायनिक खतांतले क्षारही तेच करतात. दोन लाख किलोमीटर चाललेल्या डिझेल इंजिनाची आम्हाला फार चिंता वाटत नाही, या तळाची वाटते. सर्व मॅट आणि मागचे आसन काढून तळ एकदा उघडा करून पाहावा. ठिकठिकाणी भोके पडली असतील तर नूतनीकरणाचा खटाटोप न करता गाडी काढावी. नुसता वरवरचा गंज असेल तर घासून, गंजरोधक थर देऊन घ्यावा, आणि पुढे हा माल पिकअपमधूनच आणावा.

याच्या बदल्यात नवी डिझेल गाडी घेण्याचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेवावे : एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या कडक निकषांच्या) डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वीस-पंचवीस मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. घर ते बाग, बाग ते बाजार समिती एवढेच रनिंग असेल तर तो फिल्टर तुंबतो आणि बदलायचा झाल्यास त्याचा खर्च मोठा असतो. नवी घ्यायचीच तर मग पेट्रोल किंवा सीएनजीचा विचार करावा.

प्रश्न : माझी गाडी २०१३ ची आहे आणि फार चालत नाही. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी इंजिने खराब होतात असे ऐकले. केवळ या कारणासाठी गाडी बदलावी का? (सिडको, नाशिक)

उत्तर : केवळ या कारणासाठी बदलू नये. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटणार हे उघड आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या चारचाकी गाड्यांसाठी ही घट ६ ते ७ टक्के धरली होती. नव्या मिश्रणासाठी लागणारे रबर आणि प्लास्टिक वापरून गाड्या बनू लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून. तेव्हा आपल्या गाडीचे इंधनाचे रबरी होज, सील आणि गॅस्केट यांवर लक्ष ठेवावे. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला किंवा होज फुगलेला, चिरलेला दिसला तर तो लगेच बदलावा. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवते, म्हणून पेट्रोल फिल्टर एकदा बदलून घेणे बरे.

आपल्या बाबतीत ‘फार चालत नाही’ हाच अधिक काळजीचा भाग आहे. इथेनॉल पाणी शोषते. गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिली की ओलावा साचतो. आठवड्यातून एकदा तरी तिला अर्धा तास चालवावे आणि लांब मुक्कामाला जाताना टाकी रिकामी ठेवू नये. इंजिन नुसते सुरू करून पाच मिनिटांनी बंद करण्याचा काही उपयोग नाही. त्याने बॅटरी उतरते आणि सायलेन्सरमध्ये पाणी जमते.

प्रश्न : ज्या कंपनीने भारतातला कारभार गुंडाळला तिची २०१६ ची गाडी माझ्याकडे आहे. चालवायला आजही मजबूत आहे. ठेवावी का? (कॉलेज रोड)

उत्तर : शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा गाड्यांचे फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच यांसारखे सुटे भाग बाजारात मिळत राहतात, कारण ते बनवणारे कारखाने वेगळे असतात. अडचण येते ती हेडलाइट, काचा, बंपर, बॉनेट आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट यांची. म्हणजे अशी गाडी बिघाडाने नव्हे, तर एखाद्या किरकोळ धडकेने घरी बसते. या गाड्यांना भाव मिळत नाही, त्यामुळे विकून हाती काही पडणार नाही. चालते तोवर ठेवावी, मात्र घरात तिच्याशिवाय दुसरे वाहन असावे. याउलट उदाहरण आपल्या नाशिकचेच आहे. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यात २००७ पासून बनलेली लोगन पुढे व्हेरिटो या नावाने चालू राहिली, म्हणून परदेशी भागीदार बाजूला झाल्यावरही तिच्या मालकांचे हाल झाले नाहीत.

प्रश्न : वॉरंटी संपल्यावर गाडी सर्व्हिस सेंटरलाच न्यावी की बाहेरच्या गॅरेजला? (नाशिक रोड)

उत्तर : ऑइल, फिल्टर, ब्रेक, सस्पेन्शन यांसाठी ओळखीचे गॅरेज पुरेसे आहे. इलेक्ट्रॉनिक दोष, एअरबॅगचा दिवा आणि कंपनीने परत बोलावलेल्या भागांची कामे यांसाठी सर्व्हिस सेंटर. कुठेही गेलात तरी काढलेला जुना भाग परत मागावा आणि बिलावर किलोमीटर लिहून घ्यावेत. आठ-दहा वर्षांची अशी बिले असलेली गाडी विकतानाही उजवी ठरते. इंजिन फ्लश, एसी निर्जंतुकीकरण, टेफ्लॉन कोटिंग असल्या वाढीव कामांना नम्रपणे नकार द्यावा.

प्रश्न : वडिलांनी २००७ मध्ये घेतलेली छोटी गाडी आम्ही जिवापाड जपली आहे. नूतनीकरणही झाले आहे. मुलीला मुंबईत नोकरी लागली असून ती दर आठवड्याला याच गाडीने ये-जा करणार आहे. गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. बाहेरून बसवून मिळतात का? (सातपूर)

उत्तर : मिळत नाहीत. एअरबॅग ही स्टिअरिंगमध्ये ठेवायची पिशवी नव्हे. धडक ओळखणारे सेन्सर, सीटबेल्ट, स्टिअरिंगचा दांडा आणि गाडीचा पुढचा भाग किती दुमडायचा याचे गणित, हे सारे एकत्र आखलेले असते. कोणी बसवून देतो म्हणाला तरी करून घेऊ नये.

या सदरात जुनी गाडी ठेवण्याच्या बाजूने आम्ही वर पुष्कळ लिहिले, परंतु आपल्याला तो सल्ला देता येत नाही. भारतात बनलेल्या गाड्यांची धडक-चाचणी ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली तेव्हा पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नव्हता. समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेचे निकष सर्व नव्या गाड्यांना लागू झाले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये. एबीएस एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या आसनाची २०२२ च्या आरंभापासून सक्तीची झाली. आपली गाडी यांपैकी प्रत्येक गोष्टीच्या आधीची आहे. पहिल्या पत्रातील गाडीचा सांगाडाही या निकषांपूर्वीचाच आहे, हे नाकारत नाही. तिला निदान दोन एअरबॅग आणि एबीएस आहे आणि ती महामार्गावर क्वचित जाते. दर आठवड्याला मालट्रकच्या रांगेतून, पावसाळ्यात धुक्यात कसारा घाट उतरायचा आणि रात्री परत चढायचा, हा वापर निराळा आहे. समृद्धीने जायचे म्हटले तर तिथली मोटारींची वेगमर्यादा १२० आहे, आणि त्या वेगाच्या आसपास सलग धावण्यासाठी ही गाडी घडवलेलीच नाही.

त्यासाठी कोरी गाडीच घ्यायला हवी असे नाही. २०२२ किंवा त्यानंतर तयार झालेली, एकाच मालकाची, सर्व्हिसची बिले असलेली जुनी गाडी पाहावी. तिचा मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि वरचे सर्व निकष तिला लागू झालेले असतात. नोंदणीच्या वर्षावर न जाता आरसीवरचा निर्मितीचा महिना वाचावा. मॉडेलची धडक-चाचणी झाली असल्यास तिचे तारे पाहावेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचे, असे समजून किंमत ठरवावी.

वडिलांची गाडी शहरातल्या शहरात वापरायला ठेवायची असेल तर आमची हरकत नाही. महाविद्यालयात, मंडईत किंवा पंचवटीत जाण्यापुरती ती चांगली आहे. विकायची झाली तर विम्यातली ‘नो क्लेम’ (दावा न केल्याबद्दल मिळणारी) सवलत विमा कंपनीकडून लेखी घेऊन ठेवावी, ती गाडीची नसून मालकाची असते आणि मुलीच्या गाडीला नव्हे, तर आपल्या नावावर पुढे घेतल्या जाणाऱ्या गाडीलाच लावता येते. विक्रीच्या दिवशी नमुना २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नये. आरटीओच्या नोंदीत खरेदीदाराचे नाव चढल्याचे स्वतः पाहावे. तोवर ती गाडी कोणाच्याही हातून अपघातात सापडली तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.